बिलाच्या तळाची अक्षरं

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरी पोचली की बिल नीट वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. आकडा बरोबर आहे ना, एवढं पाहायचं आणि कागद खोक्यातच राहू द्यायचा. पण बिल फ्रेंच भाषेतलं असेल, तर शेवटच्या रकमेच्या जरा वर, बारीक टायपात छापलेली तीन-चार अक्षरं वाचण्यासारखी असतात. माल कुठे चाललाय आणि वाटेत कोणत्या सरकारने हात पुढे केलाय, हे त्यांवरून सांगता येतं. पॅरिसमधल्या दुकानाचं बिल घ्या आणि तिथून नऊ हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या दुकानाचं घ्या. दोन्हींवर कराचं नाव एकच. उलट कॅनडात गॅटिनो आणि ओटावा ही दोन शहरं एकाच नदीच्या दोन काठांवर वसली आहेत. मधला पूल पायी ओलांडता येतो, आणि तेवढ्या अंतरात फ्रेंच बिलावरच्या कराचं नाव बदलतं, टक्का बदलतो, ओळींची संख्यासुद्धा बदलते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. कराची भाषा कोस मोजत नाही. खजिना बदलला की ती बदलते.

ही अक्षरं फ्रेंच माणूस उच्चारतो तशीच इथे लिहितो. त्यांतला मूळ पुरुष म्हणजे ‘तेवेआ’, मूल्यवर्धित कर. आपण ज्याला व्हॅट म्हणत होतो, तोच. जगभर पसरलेला हा कर फ्रान्सच्या अर्थखात्यात घडला. माराकेशमध्ये जन्मलेला, इंजिनिअरिंग शिकून पुढे करखात्यात वरच्या पदावर पोचलेला मोरिस लोरे हा अधिकारी त्याचा जनक मानला जातो, आणि १० एप्रिल १९५४ ही कायद्याची तारीख. आधीच्या विक्रीकरांची अडचण अशी होती, की माल जितके हात बदलेल तितक्या वेळा करावर कर चढत जायचा. लोरेची युक्ती वजाबाकीची होती. समजा, कातडी कमावणाऱ्याने ४० युरोचं चामडं विकलं. २० टक्क्यांनी कर ८ युरो. पर्स शिवणाऱ्याने ती दुकानदाराला ७० युरोला दिली. कर १४, त्यातून चामड्यावर आधीच भरलेले ८ वजा, म्हणून सरकारला ६. दुकानदाराने ती १०० युरोला विकली. कर २०, वजा १४, पुन्हा ६. आठ, सहा आणि सहा मिळून वीस. साखळी लांब असो की आखूड, बेरीज तीच. शिवाय प्रत्येकाला स्वतःची वजावट हवी असते, म्हणून तो वरच्याकडून बिल मागतोच. सरकारला फुकटात लाखो तपासनीस मिळाले! मुळात हा कर कारखानदार आणि घाऊक व्यापाऱ्यांपुरता होता. किरकोळ दुकानदारापर्यंत तो १ जानेवारी १९६८ पासून पोचला.

गंमत सुरू होते ती या वजाबाकीच्या नावापासूनच. फ्रान्सात तिला ‘वजावटीयोग्य तेवेआ’ म्हणतात. सरळ, हिशेबनिसाला शोभेल असं. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात त्याच रकमेला ‘एंपो प्रेआलाब्ल’, म्हणजे ‘आधीचा कर’ म्हणतात. पॅरिसच्या माणसाला हा शब्द बुचकळ्यात टाकतो, कारण तो फ्रेंच कपडे घातलेला जर्मन शब्द आहे. स्विस कायदे एकाच वेळी जर्मन, फ्रेंच आणि इटालियनमध्ये अधिकृत असतात, आणि तिन्ही मजकूर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालतात. क्वेबेकमध्ये तर याच एका वजाबाकीला दोन नावं. ओटावाच्या केंद्र सरकारला दिलेला कर वजा केला तर ते ‘क्रेडिट’, आणि क्वेबेक प्रांताला दिलेला वजा केला तर ती ‘परतफेड’. हिशेब तोच, व्यापारी तोच, बिलही तेच. दोन सरकारांनी आपापला कायदा लिहिताना वेगवेगळा शब्द निवडला आणि तो तसाच टिकला.

आता ती १०० युरोची पर्स ल्यों शहरातल्या एका ऑनलाइन दुकानातून बाहेर पाठवून पाहू.

गिऱ्हाईक पॅरिसचं असेल तर बिलावर दोन रकमा दिसतील: ‘आश-ते’ १००, म्हणजे कराशिवाय, आणि ‘ते-ते-से’ १२०, म्हणजे सगळे कर धरून. ही दोन लघुरूपं फ्रान्सात इतकी मुरलेली आहेत की ती कशाची आहेत हे सांगायची गरज कुणाला वाटत नाही. ग्राहकाला दाखवायची किंमत करासकटच असली पाहिजे, असा १९८७ चा सरकारी आदेश आहे. तीच पर्स ब्रुसेल्सला गेली तर टक्का २१, आणि बेल्जियन दुकानदार तीच दोन घरं बहुधा ‘आश-तेवेआ’ आणि ‘तेवेआ-से’ अशी लिहील. फरक चिमूटभर. पण बेल्जियनाच्या लेखी ‘सगळे कर’ असं मोघम काही नसतं; तो कराचं नाव घेऊन बोलतो. लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के. माल परत केला तर फ्रान्सात जो कागद मिळतो त्याला ‘आव्वार’ म्हणतात. ब्रुसेल्स, जिनिव्हा आणि माँट्रियल तिन्हीकडे मात्र ती ‘नोत द क्रेदी’. बाकी जगाने एक शब्द धरला आणि पॅरिस एकटं वेगळं पडलं, असं क्वचितच घडतं.

ल्योंच्या दुकानदाराने बेल्जियमचा टक्का का लावावा, असा प्रश्न पडेल. याचं उत्तर फार जुनं नाही. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात दूरविक्रीचा नियम असा आहे: दुसऱ्या सदस्य देशांतल्या ग्राहकांना वर्षाला १०,००० युरोपेक्षा जास्त विकलंत, की कर ग्राहकाच्या देशाचा. भरायचा मात्र आपल्याच देशाच्या ‘एक खिडकी’ पोर्टलवर. मग ते सरकार तो ज्याचा त्याला पोचवतं. डिजिटल सेवांना हा नियम आधीच, १ जानेवारी २०१५ ला लागला होता. तोपर्यंत कर विक्रेत्याच्या देशाचा असायचा, आणि लक्झेंबर्गचा तेव्हाचा १५ टक्के दर शेजाऱ्यांपेक्षा कमी होता. म्हणून बड्या डिजिटल कंपन्यांनी तिथे बस्तान बसवलं होतं. नियम बदलला त्याच दिवशी लक्झेंबर्गने आपला दर १५ वरून १७ केला. गेलेलं उत्पन्न कुठून तरी भरून काढायला हवंच होतं!

यातून एक बारीक गोष्ट होते. पुष्कळ दुकानं वेबसाइटवर सगळ्यांना एकच किंमत दाखवतात, समजा १२०. मग पॅरिसच्या बिलावर करापूर्वीची किंमत १०० येते आणि ब्रुसेल्सच्या बिलावर ९९.१७. म्हणजे बेल्जियन माणसाला तीच पर्स कागदोपत्री ८३ सेंटांनी स्वस्त मिळते, खिशातून मात्र तेवढेच पैसे जातात. फरक दुकानदार सोसतो.

पर्स जिनिव्हाला गेली तर कथा बदलते, कारण स्वित्झर्लंड संघाबाहेर. ल्योंहून निघताना तिच्यावर फ्रेंच कर लागतच नाही. बिल नुसतं आश-ते. सरहद्दीवर स्विस तेवेआ लागतो, १ जानेवारी २०२४ पासून ८.१ टक्के. अक्षरं तीच, पण फ्रेंच सरकारशी त्यांचा काही संबंध नाही. हा कर स्वित्झर्लंडमध्ये १९९५ साली आला. स्विस दुकानाच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी कराचं नाव जोडलेलं असतं, तेही मालक ज्या भाषेचा त्या भाषेत. एकाच देशात एकाच कराच्या तीन शेपट्या.

अटलांटिक ओलांडला की तेवेआ हे नावच गळून पडतं. क्वेबेकमधल्या बिलावर दोन ओळी असतात: ‘ते-पे-एस’, केंद्राचा माल आणि सेवा कर, ५ टक्के, आणि ‘ते-वे-क्यु’, क्वेबेकचा विक्रीकर, ९.९७५ टक्के. आपल्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी शेजारी शेजारी असतो, त्याची आठवण होते. पण आपल्याकडे दोन्ही हिस्से समान असतात, तिकडे प्रांताचा जवळपास दुप्पट. शिवाय क्वेबेकमध्ये वेबसाइटवरची किंमत करापूर्वीची असते. ९९.९९ डॉलरची वस्तू टोपलीत टाका: ५.०० ते-पे-एस, ९.९७ ते-वे-क्यु, एकूण ११४.९६. ते-ते-से किमतीवर वाढलेल्या फ्रेंच माणसाला शेवटच्या पानावर आपल्याला लुटलं असंच वाटतं.

पण ९.९७५ हा काय आकडा झाला? दशांशानंतर तीन घरं, आणि तीही कराच्या दरात? २०१२ अखेरपर्यंत ते-वे-क्यु साडेनऊ टक्के होता, पण तो केंद्राचा कर मिळवून आलेल्या रकमेवर लागायचा. करावर कर. १०० डॉलरच्या वस्तूवर आधी ५, मग १०५ वर साडेनऊ टक्के. १ जानेवारी २०१३ पासून तो फक्त मूळ किमतीवर लावायचं ठरलं. मग वसुली तितकीच राहावी म्हणून दर किती हवा? १०५ चे साडेनऊ टक्के करून पाहा: ९.९७५. करावरचा कर तत्त्वतः गेला आणि ग्राहकाचं एक सेंटही इकडचं तिकडे झालं नाही. जुन्या करावरच्या कराचा निकाल त्या तीन दशांशांत जपून ठेवलाय आणि क्वेबेकमधलं प्रत्येक बिल तो छापतं. मला तर हा आकडा करशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो.

याला स्पर्धक एकच: कॅमेरूनचा १९.२५. तिथे तेवेआचा मूळ दर साडेसतरा टक्के. त्यावर ‘पालिकांचे जादा सेंटीम’ म्हणून कराचाच आणखी एक दशांश चढतो. साडेसतराचा दशांश १.७५, बेरीज १९.२५. जादा सेंटीम हा प्रकार जुन्या फ्रेंच स्थानिक करपद्धतीतला. फ्रान्सात तो मागे पडला, कॅमेरूनच्या बिलात शाबूत आहे. सेनेगलचा बिनभानगडीचा १८ टक्के तेवेआ पाहिला, की कॅमेरूनच्या पाव टक्क्याचं कौतुक आणखी वाढतं.

गॅटिनोचा पूल राहिला. गॅटिनो क्वेबेकमध्ये, ओटावा ओंटारियोत. ओंटारियोने २०१० साली आपला विक्रीकर केंद्राच्या करात मिसळून टाकला, म्हणून तिथे एकच ओळ: ‘ते-वे-आश’, सामंजस्याने एक केलेला विक्रीकर, १३ टक्के. पूर्वेच्या न्यू ब्रन्सविकमध्ये, जिथे अकेडियन फ्रेंच लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, तिथेही तीच अक्षरं, पण १५ टक्के. ऑनलाइन दुकान कर ठरवतं ते माल पोचवायच्या पत्त्यावरून. तेव्हा एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांनी एकाच क्षणी एकच वस्तू मागवली, एकाने गॅटिनोच्या घरी आणि दुसऱ्याने ओटावाच्या, तर एकाचं बिल दोन ओळींचं येईल आणि दुसऱ्याचं एका ओळीचं.

आता फ्रान्सच्याच तुकड्यांकडे, कारण खरी धमाल तिथे आहे. मार्टिनिक, ग्वादलूप, रियुनियन हे कायद्याने फ्रान्सचे जिल्हे. चलन युरो, मतदान पॅरिसच्या संसदेसाठी. तरी ल्योंची पर्स मार्टिनिकला जाते तेव्हा कराच्या लेखी ती निर्यात असते! बेटावर उतरल्यावर तिच्यावर तेवेआ लागतो ८.५ टक्के, आणि त्यासोबत आणखी एक कर: ‘ऑक्त्र्वा द मेर’. समुद्रावरची जकात.

ऑक्ट्रॉय! महाराष्ट्रात ट्रक चालवलेल्या माणसाला हा शब्द फ्रेंच आहे हे सांगावं लागेल, पण त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. दहिसर आणि मुलुंडच्या जकात नाक्यांवरच्या रांगा १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपल्या. पॅरिसच्या वेशीवरही शतकानुशतकं असेच नाके होते. क्रांतीच्या तोंडावर लदू या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी खांबांचे देखणे महाल बांधले, त्यातला ला व्हिलेतचा गोल महाल आजही उभा आहे. क्रांतीने ही जकात उडवली, पण काही वर्षांतच ती परत आली आणि १९४३ च्या कायद्याने कायमची गेली. समुद्रावरची मात्र वाचली. तिचं मूळ मार्टिनिकमध्ये १६७० सालापर्यंत जातं, आणि आजही या बेटांवरच्या नगरपालिकांचा मोठा आधार तीच आहे. मुंबई महापालिकेने जकातीवर किती काळ घर चालवलं हे ज्याला आठवतं, त्याला ती का मरत नाही हे कळेल.

दक्षिण अमेरिकेतला फ्रेंच गयाना हा तर आणखी वेगळा. तोही फ्रान्सचा जिल्हा, पण तिथे तेवेआ नाहीच. फ्रेंच करसंहितेचं २९४ वं कलम सांगतं की गयाना आणि हिंदी महासागरातल्या मायोत इथे हा कर ‘तात्पुरता’ लागू नाही. हे तात्पुरतेपण गयानात दशकानुदशकं मुक्काम ठोकून आहे. सरकारी ‘तात्पुरतं’ किती टिकाऊ असतं हे मराठी माणसाला नव्याने कळायचं आहे अशातला भाग नाही. समुद्रावरची जकात मात्र तिथेही सोडत नाही.

पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाची कररचना स्वतःची. तिथे १ ऑक्टोबर २०१८ पासून ‘ते-जे-से’, उपभोगावरचा सर्वसाधारण कर, पूर्ण दराने आला आणि त्याने अनेक जुने कर पुसून टाकले. आकडे पॅसिफिक फ्रँकमध्ये, जो युरोला ११९ च्या जवळपास बांधलेला. त्यामुळे आपल्या १०० युरोच्या पर्सची किंमत तिथे बारा हजारांच्या घरात दिसते आणि दशांश चिन्ह गायब होतं. त्याच महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाने मात्र १९९८ मध्ये आपला स्वतंत्र कर आणताना नाव तेवेआच ठेवलं. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागात उलाढालीवरचा सर्वसाधारण कर, आणि हैतीत नुसता उलाढालीवरचा कर, ‘ते-से-आ’, १० टक्के.

अक्षरांच्या खालोखाल बिलावर एक लांबलचक नंबर असतो, आणि त्याच्या पोटात एक छोटं गणित लपलेलं असतं. फ्रेंच कंपनीला नऊ आकडी क्रमांक असतो. नमुन्यादाखल १२३४५६७८९ धरू. त्याला ९७ ने भागा, बाकी ३९. तिची तिप्पट ११७, त्यात १२ मिळवले की १२९, पुन्हा ९७ ने भागून बाकी ३२. झाला कराचा नंबर: ‘एफआर’, मग ३२, मग ते नऊ आकडे. बेल्जियममध्ये दहा आकडे, त्यात पहिले आठ मुख्य. ०१२३४५६७ ला ९७ ने भागलं तर बाकी ४८. ती ९७ मधून वजा केली की ४९, आणि हे ४९ शेवटी जोडायचे. दोन देश, दोन कायदे, एकाची चावी पुढे आणि दुसऱ्याची मागे, पण भाजक दोघांचाही ९७. ती शंभराखालची सर्वांत मोठी मूळ संख्या आहे; म्हणून एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर बाकी बदलतेच आणि संगणक नंबर नाकारतो. मोनॅको हे स्वतंत्र संस्थान असूनही तिथल्या कंपन्यांचे नंबर ‘एफआर’नेच सुरू होतात, कारण कराच्या बाबतीत ते फ्रान्सबरोबरच मोजलं जातं. आपल्या जीएसटी नंबरात महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३० पुढे बसतात, तसाच हा प्रकार, फक्त सार्वभौमत्वाचा मान जरा बाजूला ठेवून.

व्यापाऱ्याने संघातल्याच दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला सेवा पुरवली तर बिलावर सहसा कराची रक्कम नसते. तिच्या जागी ‘ओतोलिकिदासियों’ हा शब्द, म्हणजे कराचा हिशेब खरेदीदाराने स्वतः करावा. तो संपूर्ण युरोपीय संघातल्या फ्रेंच बिलांवर सारखाच असावा असं ठरलेलं आहे. आणि अगदी लहान फ्रेंच धंद्याच्या बिलावर तळाला कलम २९३ ब चा दाखला देऊन ‘तेवेआ लागू नाही’ असं एक वाक्य असतं. शब्दन् शब्द ठरलेलं वाक्य. चुकलं तर दंड.

हे सगळं आता माणसाच्या डोळ्यांसमोरून हळूहळू सरकतंय. बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली बिलं संगणकाला थेट वाचता येतील अशाच स्वरूपात पाठवायची आहेत. नुसती पीडीएफ चालत नाही. फ्रान्सने बड्या कंपन्यांसाठी १ सप्टेंबर २०२६ आणि छोट्यांसाठी त्यानंतर एक वर्षाने अशी तारीख ठरवली आहे. या बिलांच्या पोटात आश-ते नसतं, तेवेआ-सेही नसतं. प्रत्येक ओळीला एक-दोन सांकेतिक अक्षरं असतात, संघभर तीच: नेहमीच्या दरासाठी ‘एस’, खरेदीदाराने कर भरायचा असेल तर ‘एई’, निर्यातीसाठी ‘जी’. फ्रान्सने जर्मनीबरोबर मिळून एक मिश्र नमुना बनवला आहे, ज्यात माणसासाठी छापील दिसणारं पान आणि यंत्रासाठी सांकेतिक पान एकाच फाइलीत राहतात. तेव्हा ल्योंहून न्यू कॅलेडोनियातल्या न्यूमेआच्या एखाद्या दुकानदाराकडे निघालेल्या मालाच्या बिलात यंत्राला फक्त ‘जी’ दिसेल. ते-जे-सेचा दर लावायचं काम न्यूमेआच्या बंदरात होईल, पॅसिफिक फ्रँकमध्ये, दशांश न देता.